दिव्यांग मुलांची खेळणी : पैसा आणायचा कोठून?

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील एक रविवार. बाहेर धो धो पाऊस आणि वीज गेलेली. आमच्या बोर्ली पंचतनच्या घरी शेजारच्या गावातील एक ताई भिजत आली. मी पेशाने कारकून. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, घरकुल असे कागद घेऊन माणसे येतात आणि माझी रविवारची सकाळ त्यातच जाते. म्हणून मी चष्मा लावून बसलो. ताईने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढून पुढे केला.

ती मुंबईच्या एका इस्पितळातील थेरपिस्ट बाईंनी लिहून दिलेली यादी होती. मान व पाठ सावरणारी खुर्ची, मोठा रबरी चेंडू, अंगाखाली घ्यावयाचा लोड, झोका, निरनिराळ्या पोताच्या कापडांचा संच, आवाज करणारी व उजेड देणारी खेळणी. सोबत एका दुकानाचे दरपत्रक होते. खालची बेरीज म्हणजे तिच्या नवऱ्याची चार महिन्यांची मजुरी. नवरा नारळ-पोफळीच्या वाडीत रोजंदारीवर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन तालुक्यातील वाड्या आडव्या केल्या, तेव्हापासून त्याच्या हाताला पूर्वीसारखे रोजचे काम नाही. ताई दिवेआगरला पर्यटकांच्या खानावळीत भाकऱ्या भाजते. पदरी सहा वर्षांची मुलगी. जन्मतःच मेंदूला इजा झालेली, ज्याला डॉक्टर सेरेब्रल पाल्सी म्हणतात. आधाराशिवाय बसता येत नाही, बोलता येत नाही, मिक्सरचा आवाज झाला की अंग ताठ करून रडते.

ताईने विचारले, "दादा, खेळण्यांना सरकार पैसे देते का हो? सासूबाई म्हणतात, पोर खेळून का चालायला लागणार आहे? पैसे असतील तर घरावर पत्रे घाला."

खरे सांगतो, माझ्याही मनात तोच विचार आला होता. तरीही मी अर्ज लिहिला. विषय टाकला, 'दिव्यांग मुलीसाठी खेळणी खरेदी करण्यास आर्थिक मदत मिळणेबाबत'. अर्ज एका कार्यालयात दिला. दोन महिन्यांनी उत्तर आले, 'खेळण्यांसाठी तरतूद नाही.' सोबत दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही जोडलेले नव्हते. पोरीचे दोन महिने फुकट गेले, ते माझ्या अर्धवट माहितीमुळे. हा लेख त्या चुकीतून शिकून लिहितो आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाचे दोन महिने जाऊ नयेत.

ही खेळणी नव्हेत, साधने आहेत

आपले धडधाकट मूल अंगणात धावते, झाडावर चढते, मातीत लोळते, पोफळीच्या विरीवर बसून भावंडांकडून ओढून घेते. त्याला आपण खेळ म्हणतो. पण त्या खेळातच त्याचे शरीर शिकत असते. पाहणे, ऐकणे, स्पर्श, चव, वास ही पाच ज्ञानेंद्रिये आपल्याला माहीत आहेत. यांखेरीज आणखी दोन जाणिवा असतात. एक तोलाची. तिचे इंद्रिय कानाच्या आतल्या भागात आहे. झोक्यावर बसल्यावर आपण वर चाललो की खाली, हे डोळे मिटूनही कळते ते तिच्यामुळे. दुसरी स्नायूंची व सांध्यांची जाणीव. आपला हात कोठे आहे हे न पाहता कळते ते तिच्यामुळे.

अमेरिकेतील जीन आयर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी या जाणिवांचा मेळ मेंदू कसा घालतो याचा अभ्यास केला आणि १९७२ साली त्यावर पुस्तक लिहिले. ज्या मुलाला स्वतःहून धावता-लोळता येत नाही, त्याच्यापर्यंत हे अनुभव कोणीतरी आणून पोहोचवावे लागतात. झोका, चेंडू, खरखरीत-मऊ कापड ही त्यासाठी असतात. आणि खुर्ची तर खेळणे नव्हेच. मान सावरलेली असेल तरच मूल समोर पाहते, हात मोकळे होतात, घास ठसक्याशिवाय गिळता येतो. सासूबाईंना मी हेच सांगितले, "आजी, पोर खेळून चालायला लागेल असे कोणी म्हणत नाही. पण बसून जेवायला लागली तरी तुमच्या सुनेची पाठ वाचेल." आजी काही बोलल्या नाहीत, पण पत्र्यांचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.

याची दुसरी बाजूही आईबापांनी लक्षात ठेवावी. ही साधने औषध नव्हेत. अशा उपचारांबद्दलचे संशोधन अजून मर्यादित आहे, हे पालकांना स्पष्ट सांगावे, असे अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच २०१२ साली आपल्या डॉक्टरांना सांगितले होते. त्यामुळे रंगीत दिव्यांची, बुडबुड्यांच्या नळ्यांची महागडी खोली पाहून भुलू नये. त्या खोल्यांची कल्पना १९७० च्या दशकात हॉलंडमध्ये निघाली, मोठ्या निवासी संस्थांसाठी. आपल्या एका खोलीच्या घरात तिची गरज नाही. दागिना गहाण टाकून किंवा खासगी सावकाराचे कर्ज काढून हे सामान घेऊ नका. थेरपिस्टला विचारा, "यातले पहिले काय? कशासाठी? तीन महिन्यांनी काय फरक दिसला पाहिजे?" त्या उत्तराप्रमाणे यादीला क्रमांक द्या. आमच्या ताईच्या यादीत खुर्ची पहिली आली आणि दिव्यांची खेळणी शेवटी गेली.

आधी कागद, मग पैसा

पहिला कागद म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र, ज्याला यूडीआयडी म्हणतात. १ जून २०२१ पासून हे प्रमाणपत्र ऑनलाइन पद्धतीनेच मिळते. अर्ज भरायचा आणि ठरलेल्या दिवशी शासकीय रुग्णालयात तपासणीला जायचे. आपल्या भागातून अलिबाग म्हणजे दिघीला जाऊन लाँचने आगरदांडा, तेथून मुरूड आणि मग अलिबाग. आजारी पोर कडेवर घेऊन हा प्रवास सोपा नाही, एक दिवसाचा रोजही बुडतो. म्हणून निघण्यापूर्वी तपासणीचा वार फोन करून विचारावा आणि आधारकार्ड, रेशनकार्ड, फोटो, जुने केसपेपर एकाच पिशवीत घ्यावेत. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. ओळखपत्र हाती आले की एसटीच्या तिकिटातही सवलत मिळते, पुढच्या खेपा स्वस्तात होतात.

दुसरा कागद थेरपिस्टचे पत्र. माझी चूक येथे झाली होती. पत्रात 'खेळणी' हा शब्द नको. प्रत्येक वस्तूपुढे तिचा उपयोग असावा. उदाहरणार्थ, 'पाठ व मान सावरण्यासाठी विशेष खुर्ची', 'स्नायूंचा ताठरपणा कमी करण्याच्या व्यायामासाठी चेंडू'. अर्जाचा विषय 'दिव्यांग बालिकेस उपचारात्मक साहाय्यक साधने मिळणेबाबत' असा लिहावा. यात खोटे काही नाही. वस्तू तीच, पण ती कशासाठी हवी हे अर्ज वाचणाऱ्यालाही कळले पाहिजे.

तिसरा, उत्पन्नाचा दाखला. चौथा, जातीचा दाखला. पाचवा, शक्यतो तीन दुकानांची दरपत्रके. आणि कारकून म्हणून माझे एक कळकळीचे सांगणे : अर्जाच्या दोन प्रती करा, एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. तोंडी दिलेल्या अर्जाला कार्यालयात किंमत नसते.

पैसा कोठे आहे?

एक : केंद्र सरकारची 'एडिप' योजना. १९८१ पासून चालू आहे. दिव्यांगांना साधने देणे हेच तिचे काम. कुटुंबाचे मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत आणि ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत मिळते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची खुर्ची या योजनेत बसते. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी शिकण्या-खेळण्याच्या साहित्याचा संचही मिळतो. त्यात हाताळायच्या, जुळवायच्या, ओळखायच्या वस्तू असतात. कानपूरची एलिम्को ही सरकारी कंपनी असे साहित्य तयार करते. वाटप बहुधा शिबिरातून होते. शिबिराची तारीख पंचायत समिती व जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात विचारत राहावी. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे विभागीय केंद्र खारघरला, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे, तेथेही चौकशी करता येते. खुर्ची घेताना मुलाच्या अंगाचे माप द्या आणि वाढत्या वयाप्रमाणे पाट व पाय ठेवण्याची फळी खालीवर करता येते का, ते पाहा. सहा वर्षांचे पोर वर्षात केवढे वाढते हे आईला सांगायला नको.

दोन : शाळा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३१ प्रमाणे ६ ते १८ वयाच्या, ४० टक्क्यांवरील दिव्यांग मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. समग्र शिक्षा योजनेत अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद धरलेली असते. ही रक्कम आपल्या हातात मिळत नाही, ती साधने, साहित्य, प्रवास व मदतनीस यांसाठी असते. परंतु ती मिळण्यासाठी मुलाचे नाव शाळेच्या पटावर असावे लागते. "बसताच येत नाही, शाळेत कशाला घालू?" असे म्हणून आपण नाव घालत नाही आणि तेथेच वाट बंद होते. ज्याला शाळेत येणे अशक्य आहे त्याला घरी शिकविण्याचीही सोय कायद्यात आहे. म्हणून आधी नाव घाला, मग गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांना भेटा. मूल सहा वर्षांखालील असेल तर अंगणवाडीत नाव हवेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची आरोग्य पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. हा देशव्यापी कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रात पालघर येथून सुरू झाला. पथकाने लवकर हेरले तर उपचार लवकर सुरू होतात.

तीन : ग्रामपंचायत. आपल्या राज्यात ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. याशिवाय ग्रामपंचायतीने १५ टक्के आणि जिल्हा परिषदेने २० टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी राखावयाची असते. आपल्या समाजातील दिव्यांग मूल दोन्ही बाजूंनी पात्र ठरते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मात्र हिशेब समजून घ्या. समजा, एका ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न १० लाख रुपये आहे. त्याचे ५ टक्के म्हणजे ५० हजार. गावात २५ दिव्यांग असतील तर वाटणीला प्रत्येकी २ हजार येतात. दोन हजारांत खुर्ची येत नाही आणि ते घरखर्चात विरून जातात. म्हणून रोख वाटण्याऐवजी साधनांची सामाईक खरेदी करावी, असा विषय ग्रामसभेत मांडावा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभांना आपण जातो का? गेलो तर बोलतो का? विषय लेखी द्या, ठरावात नोंद करून घ्या.

चार : संजय गांधी निराधार अनुदान योजना. दिव्यांगासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे. अर्ज तहसील कार्यालयात. हे दरमहा अनुदान साधनांसाठी नसले तरी मुंबईच्या फेऱ्यांचे भाडे त्यातून निघते. तसेच सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे. विम्याची रक्कम एक लाखापर्यंत असून नियमित थेरपीचा खर्चही त्यात धरलेला आहे. थेरपीचे पैसे तेथून आले तर खिशातले साधनांसाठी उरतात.

पाच : कंपन्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठराविक आकारापुढच्या कंपन्यांनी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते आणि दिव्यांगांचे शिक्षण त्या यादीत आहे. रोहा, महाड भागात कारखाने पुष्कळ आहेत. परंतु कंपनी सहसा एकट्या माणसाला पैसे देत नाही, नोंदणीकृत संस्थेमार्फत देते. आपल्या मंडळाची नोंदणी व दरवर्षीचा लेखापरीक्षण अहवाल नीट असेल तरच त्या दाराशी जाता येते. वर्गणीची पावतीपुस्तके वर्षानुवर्षे कपाटात पडून असतील तर दोष कंपनीचा नाही.

उत्तर आले नाही तर? माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. 'आमच्या गावात गेल्या तीन वर्षांत ५ टक्के निधी किती जमला व कशावर खर्च झाला?' एवढा एकच प्रश्न विचारा. त्याउपर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तेथे तक्रार करता येते. हे भांडण नव्हे. आजारपण व अपंगत्व यांत माणसाला सार्वजनिक साहाय्य मिळावे, असे आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्येच लिहिले आहे.

तोवर घरी काय करता येईल?

सरकारी कागद फिरायला वेळ लागतो आणि पोर तेवढे थांबत नाही. मेक्सिकोच्या डोंगरी खेड्यांत दिव्यांग माणसांबरोबर काम केलेल्या डेव्हिड वर्नर यांनी १९८७ साली 'डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन' हे पुस्तक काढले. लाकूड, बांबू, जुने टायर, पुठ्ठा यांपासून खुर्च्या, झोके, खेळणी कशी करावीत याची चित्रेच त्यात आहेत. आपल्याकडे अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचे काम आयुष्यभर केले, त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. आम्ही थेरपिस्ट बाईंना फोनवरून विचारून पुढील वस्तू केल्या :

जुन्या गोधडीची घट्ट गुंडाळी करून, वर धुता येईल असा अभ्रा शिवून लोड केला. एका फळीवर काथ्या, जाळ्याचा तुकडा, विरीचा तुकडा, साडीचा मऊ पदर आणि खरखरीत पोते चिकटवून हाताने चाचपायची पाटी तयार झाली. घमेल्यात चाळलेली कोरडी वाळू घेतली, पोरीचे हात त्यात बुडवले. पहिल्या दिवशी तिने हात ओढून घेतले. आईने जबरदस्ती केली नाही, आधी स्वतःचा हात वाळूत ठेवला व त्यावर तिचा ठेवला. गावातील सुताराने उरलेल्या फळ्यांतून कोपऱ्यात ठेवायचे पाठ-आधाराचे बसके आसन केले, मजुरी घेतली नाही.

काळजीही सांगतो. झोका मजबूत आढ्याला, जमिनीपासून वीतभर उंच, खाली गोधडी आणि मोठे माणूस जवळ. चिंचोके, मणी, लहान शिंपले मुलाच्या हाती नकोत, घशात अडकतात. वजनाची गोधडी थेरपिस्टने सांगितल्याशिवाय अंगावर घालू नये आणि तोंडावर तर कधीच नाही. मूल अंग ताठ करू लागले, रडू लागले, तर खेळ तेथेच थांबवावा.

विहारातील पेटी

स्वीडनमध्ये १९६३ साली स्टॉकहोम येथे दिव्यांग मुलांच्या आयांनी पुढाकार घेऊन एक खेळण्यांचे ग्रंथालय काढले. पुस्तक नेतो तसे खेळणे घरी न्यायचे, मूल वापरील तोवर वापरायचे, परत आणायचे. तेथल्या भाषेत त्याला 'लेकोटेक' म्हणतात. पुढे ही कल्पना अनेक देशांत गेली.

आमच्या बैठकीत मी हे सांगितले तेव्हा कुणीतरी म्हणाले, "आपल्या गावात अशी मुले किती? एक." दुसऱ्या दिवशी आम्ही आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांत विचारत फिरलो. पाच निघाली. एक मुलगा अकरा वर्षांचा, घराबाहेर कधी आणलेलाच नव्हता. शेजाऱ्यांनाही तो कसा दिसतो ते माहीत नव्हते. त्याच्या आईने दारातच विचारले, "तुम्ही कशाला आलात? वर्गणी का?" आम्हाला मान खाली घालावी लागली. इतकी वर्षे आम्ही त्या दारात फक्त वर्गणीसाठीच गेलो होतो.

त्या वर्षी जयंतीच्या वर्गणीतून ध्वनिक्षेपकाचा एक दिवस कमी करायचे ठरले. वाद झाला, तो लपवत नाही. तरुण मंडळी नाराज होती. मुंबईच्या आमच्या गावमंडळाने राहिलेली रक्कम घातली आणि मोठा चेंडू, तोलाची फळी व काही आवाजाची खेळणी खरेदी करून रात्रीच्या गाडीने पाठवली. दिवसभर कुलूप असणाऱ्या विहाराच्या सभागृहात आता ती एका पत्र्याच्या पेटीत असतात. मी नोंदवही घातली आहे : तारीख, वस्तू, नेणाऱ्याची सही, परत आल्याची तारीख. वस्तू परत आली की साबणाच्या पाण्याने पुसून उन्हात ठेवायची. नाराज झालेल्यांपैकीच एक तरुण आता पेटीची किल्ली सांभाळतो.

ताईच्या मुलीचा दुसरा अर्ज मंजूर झाला. खुर्ची आली, पण अर्ज दिल्यापासून सात महिन्यांनी. दिव्यांची खेळणी कोणत्याच योजनेत बसली नाहीत आणि ती घेतलीही नाहीत. मुलगी अजून बोलत नाही, चालत नाही. खुर्चीत मात्र अर्धा तास बसते. जेवताना समोर पाहते. मिक्सर लावण्यापूर्वी आई आता तिला आधी सांगते, हातात काथ्याचा तुकडा देते, मग बटण दाबते. परवा भेटलो तेव्हा आजी तिला वरणभात भरवत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "पत्र्यांचा अर्ज कधी करतोस?" तोही करायचा आहेच.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीत असे एखादे मूल असेल तर वर्गणीचे पुस्तक घरी ठेवून एकदा त्याच्या दारात जा. ओळखपत्र आहे का, पटावर नाव आहे का, एवढे दोनच प्रश्न विचारा. नसेल तर त्या आईबरोबर पहिल्या खेपेला कुणीतरी जा. आणि अर्ज लिहाल तेव्हा विषयात 'खेळणी' लिहू नका.